बाहेर थांबलेले : निरंक

त्यांचं खरं नाव पगारपत्रकावर होतं आणि ते तिथंच राहिलं. बाकी सगळ्यांना ते टकटककाका. उजव्या मुठीत मावेल एवढं, अंगठ्यानं दाबायचं एक मोजणीचं यंत्र त्यांच्याकडे असायचं. दारातून माणूस आत गेला की टक्. दुसरा गेला की पुन्हा टक्. त्या सभागृहाच्या इमारतीत लहानमोठ्या नऊ खोल्या होत्या आणि वर्षातून एकदा, तीन दिवस, तिथं संगणकवाल्यांची मोठी परिषद भरायची. दोन हजार माणसं, गळ्यात बिल्ले, पाठीवर सॅक, आणि बाकीच्या आठ खोल्या मोकळ्या असल्या तरी सगळ्यांना एकाच वेळी नवव्या खोलीत शिरायचं असायचं. त्या नऊ दारांपैकी सात नंबरचं दार काकांचं.

सात नंबर म्हणजे ऐंशी खुर्च्या. एक्क्याऐंशीवा माणूस आत घ्यायचा नाही, हा आगीच्या सुरक्षेचा नियम प्रत्येक दारावर लाल अक्षरांत लावलेला होता. इतर दारांवर तो नुसता लावलेला असायचा. काकांच्या दारावर तो पाळला जायचा.

आणि कसा पाळला जायचा! त्याला तिकीट लावलं असतं तरी लोकांनी पैसे मोजून पाहिला असता.

व्याख्यानाला दहा मिनिटं उरली की काका खोलीत एक फेरी मारायचे. कोणीतरी शेजारच्या खुर्चीवर आपली सॅक बसवून मोबाइलमध्ये डोकं घातलेलं असायचं. काका वाकून अगदी अदबीनं विचारायचे, "यांनी नोंदणी केलीये का?"

"कोणी?"

"या सॅकनं. बिल्ला दिसला नाही, म्हणून विचारलं."

आसपासचे हसायचे, सॅक मांडीवर यायची, एक खुर्ची मोकळी व्हायची. कडेच्या खुर्च्या अडवून बसणाऱ्यांना सांगायचे, "साहेब, जरा मधे सरका. मधे एसी चांगला लागतो." एसी सगळीकडे सारखाच लागायचा, पण सरकणाऱ्याला नाडल्यासारखं वाटायचं नाही. वाटेत चार्जरची वायर लोळत पडलेली दिसली की ती दोन बोटांत उचलून, "हे शेपूट कोणाचं हो?" आणि पुढं उभं राहून पडद्याचे फोटो काढणाऱ्याच्या खांद्यावर हलकेच हात, "बसून काढा, तेच येणार आहे." शेवटी प्रश्नोत्तरं. त्यात एक तरी गृहस्थ असायचेच, जे प्रश्नासाठी माइक मागायचे आणि स्वतःचंच व्याख्यान ठोकायला लागायचे. काका त्यांच्या शेजारी जाऊन उभे राहायचे, तळहात पुढं करून, प्रेमळ हसत, एक शब्द न बोलता. पुढच्या अर्ध्या मिनिटात माइक हातात यायचा.

हे झालं आतलं. पण काकांची खरी कला दाराबाहेर. खोली भरली की ते उंबऱ्यात आडवी लाल फीत लावायचे आणि बाहेर राहिलेल्यांपुढं उभे राहायचे. "जागा नाही" हे दोन शब्द त्यांच्या तोंडून कधी कोणी ऐकले नाहीत. बिल्ला वाचायचे, माणूस कुठल्या गावाहून आलाय ते बघायचे. "अहो, एवढ्या लांबून आलात आणि इथं मागं टाचा उंचावून उभं राहणार? चार नंबरला पहिल्या रांगेत खुर्ची आहे, मी आत्ताच बघून आलो. आणि हे सगळं रेकॉर्ड होतंय. घरी पाय पसरून बघा, निवांत." माणूस "थँक यू, काका" म्हणून जायचा. एकेक करत सगळे जायचे. सात-आठ मिनिटांत व्हरांडा झाडून काढल्यासारखा स्वच्छ.

मग काका स्टुलावर बसायचे आणि खिशातून चिठ्ठी काढायचे. प्रत्येक व्याख्यानाची एक छापील चिठ्ठी असायची, ती दारवाल्यानं भरून कार्यालयात द्यायची. त्यात चार रकाने. खुर्च्या किती, आत किती, मधेच उठून गेले किती, आणि सुरू झाल्यावर दहा मिनिटांनी बाहेर थांबलेले किती. शेवटच्या रकान्यात काका आपल्या वळणदार अक्षरात लिहायचे, 'निरंक'. तो शब्द लिहिताना त्यांना जो आनंद व्हायचा, तो पगार घेताना होत नसे.

याला कारण होतं. परिषदेच्या या दारावर येण्याआधी काकांनी बावीस वर्षं एका मोठ्या इस्पितळाच्या दारात काढली होती. पहिल्याच आठवड्यात तिथल्या मोठ्या डॉक्टरांनी त्यांना बाजूला घेऊन सांगितलं होतं, "दाराशी गर्दी दिसली की मी एकच समजतो. दारवाला झोपलाय." तेव्हा विशीत असलेल्या काकांनी ते वाक्य असं काही मनावर घेतलं, की रडणारे, भांडणारे, हातापाया पडणारे नातेवाईक त्यांनी बावीस वर्षं गोड बोलून वाटेला लावले. कोणाला औषधाच्या खिडकीकडे, कोणाला बाकावर, कोणाला घरी. त्यांच्या दाराशी गर्दी कधी दिसली नाही.

याच्या अगदी उलट तीन नंबरचा लांब्या. वयानं काकांपेक्षा दहा-बारा वर्षांनी लहान, उंचीनं दाराएवढा, आणि कामाला म्हणजे आनंदीआनंद. खोली भरली की तो नुसता दारात आडवा उभा राहायचा आणि ओरडायचा, "नाही म्हणजे नाही! थांबायचं तर थांबा, नाहीतर जा!" लोक जायचे नाहीत. टाचा उंचावून, एकमेकांच्या खांद्यावर हनुवट्या ठेवून ताटकळायचे. कोणी जमिनीवर बसायचं, कोणी भिंतीला कान लावायचं. काका त्याला म्हणायचे, "अरे, दार राखतोस की जत्रा भरवतोस?"

लांब्या म्हणायचा, "काका, मला तुमच्यासारखं लाडीगोडीचं जमत नाही. माझी बायकोसुद्धा माझं ऐकत नाही, हे दोन हजार लोक काय ऐकणार!"

घड्याळबाई सात नंबरमध्ये पहिल्यांदा व्याख्यान द्यायला आल्या तेव्हा त्या वेळेच्या अर्धा तास आधी आल्या होत्या. चाळिशी ओलांडलेल्या, बारीक अंगाच्या, दोन्ही हातांनी लॅपटॉप छातीशी धरलेला. बोलायला उभं राहायची सवय नसणाऱ्या माणसाला रिकामी खोली भरलेल्या खोलीपेक्षा जास्त घाबरवते. त्यांनी माइकमध्ये हळूच फुंकर मारली आणि काकांना विचारलं, "तुम्ही जरा शेवटच्या रांगेत बसाल का? ऐकू येतं का ते सांगा."

काका बसले. "येतंय. कशावर बोलणार तुम्ही?"

"घड्याळांवर."

"दुरुस्ती?"

बाई पहिल्यांदा हसल्या. "तसंच म्हणा. प्रत्येक संगणकात घड्याळ असतं. हजार संगणक एकमेकांशी बोलत असले आणि त्यातल्या एकाचं घड्याळ किंचित पुढं असलं, की कोणती गोष्ट आधी घडली आणि कोणती नंतर, हेच कळेनासं होतं. ती सगळी घड्याळं जुळवणारा प्रोग्राम मी लिहिलाय."

काकांनी मांडीवर थाप मारली. "अहो बाई, आमच्या इस्पितळात एका म्हाताऱ्याला दाखल करून घ्यायच्या आधीच घरी सोडल्याची नोंद झाली होती! सकाळी नऊला आला आणि साडेआठला बरा होऊन गेला! आम्ही म्हटलं, डॉक्टरांच्या हाताला काय गुण आहे!"

बाईंनी ती गोष्ट त्या दिवशी व्याख्यानात सांगितली. खोली हसली आणि बाईंचा आवाज मोकळा झाला. तेव्हापासून त्या काकांच्या खास. दर वर्षी अर्धा तास आधी यायच्या, काका शेवटच्या रांगेत बसायचे, मग दार. दर वर्षी ऐंशीच्या ऐंशी खुर्च्या भरायच्या, दर वर्षी बाहेर माणसं उरायची, आणि दर वर्षी काका ती वाटेला लावायचे. आत बोलणाऱ्या बाईंना यातलं काही दिसत नसे. दार बंद असायचं.

बाईंचा तो प्रोग्राम कुठं कुठं चालतो, हे त्यांनाही धड माहीत नव्हतं. कोणीही फुकट घ्यावा आणि वापरावा असा होता. इस्पितळं, गोदामं, वेधशाळा. बिघडला की लोक बाईंना कळवायचे आणि बाई दिवसाची नोकरी करून, घरी अंथरुणाला खिळलेल्या आईचं करून, उरलेल्या वेळात तो दुरुस्त करायच्या. एकट्या.

चौथ्या वर्षी त्या आल्या तेव्हा माइकजवळ गेल्याच नाहीत. शेवटच्या रांगेत, काकांच्या शेजारीच बसल्या.

"काका, माझं यंदा शेवटचं दिसतंय."

"असं का म्हणता?"

"आता एकटीनं होत नाही. ही परिषद भरवणारी संस्था यंदा एक नेमणूक करणार आहे, दोन वर्षांची. सगळ्यांच्या उपयोगी पडणारं असं एखादं काम निवडणार, त्या माणसानं पूर्ण वेळ तेच करायचं, हाताखाली दोघं मिळणार. माझा अर्ज आहे. तीन नंबरमध्ये आज जे बोलणार आहेत, त्यांचाही आहे."

"मग तुम्हालाच मिळणार."

"ते म्हणतात, लोकांना गरज आहे हे दिसायला हवं. ती मंडळी आज फिरून बघणार आहेत." बाईंनी बोटातली अंगठी दोनदा फिरवली. "नाही मिळालं, तर लिफ्टच्या कारखान्यात बोलावलंय. चांगली जागा आहे. आईजवळ आहे. पण तिथं गेले की हे सोडावं लागेल."

"मग ती घड्याळं कोण बघणार?"

"कोणी नाही. चालतील तोवर चालतील."

काका उठले, टोपी सारखी केली. त्यांनी मनाशी ठरवून टाकलं, की आज सात नंबरच्या दारावर असा प्रयोग झाला पाहिजे, की बघणाऱ्यांनी तोंडात बोट घालावं. बाईंच्या एका शब्दाला दार करकरता कामा नये. बघायला येणाऱ्या मंडळींना कुठं गोंधळ, गडबड, धक्काबुक्की दिसता कामा नये. त्यांच्या हातात जेवढं होतं तेवढं सगळं ते बाईंसाठी करणार होते.

आणि त्यांनी केलं. खोली बारा मिनिटं आधीच भरली. ऐंशीवी टक् झाली, फीत लागली आणि काकांनी वळून पाहिलं, तर व्हरांडा पार जिन्यापर्यंत भरलेला. एवढी गर्दी त्यांनी सात नंबरला कधी पाहिली नव्हती. दुसऱ्या कोणाची छाती दडपली असती. काकांना उलट स्फुरण चढलं. बिल्ला वाचायचा, गोड शब्द, हाताची दिशा, पुढचा. बिल्ला, शब्द, दिशा. एका मुलीनं डोळ्यांत पाणी आणून सांगितलं, "काका, मी यासाठीच आलेय हो." काकांनी तिला पाण्याची बाटली दिली आणि रेकॉर्डिंग कुठं मिळेल ते कागदावर लिहून दिलं. हातात मोजणीचं यंत्र होतं, पण अंगठा उचललेला होता. ते यंत्र आत जाणाऱ्यांसाठी होतं.

व्याख्यान सुरू होऊन दहा मिनिटं झाली आणि व्हरांड्याच्या टोकाला व्यवस्थापिका मॅडम दिसल्या. बरोबर संस्थेचे दोन पाहुणे, हातात वह्या. आधी तीन नंबरला थांबले. तिथं नेहमीचाच तमाशा, साठ-सत्तर माणसं दाराला लटकलेली आणि लांब्याचा आवाज टिपेला. मॅडमनी कपाळाला हात लावला. मग सात नंबर. बंद दार, शांत व्हरांडा आणि स्टुलावर ताठ बसलेले काका.

"बघा," मॅडम पाहुण्यांना म्हणाल्या, "याला म्हणतात दार सांभाळणं."

एका पाहुण्यानं दाराच्या काचेतून डोकावून पाहिलं. "भरलंय का?"

"बरोब्बर ऐंशी, साहेब," काका उभे राहून म्हणाले. "एक कमी नाही, एक जास्त नाही."

पाहुण्यांनी वहीत काहीतरी लिहिलं आणि पुढं गेले. काकांनी चिठ्ठी काढली आणि चौथा रकाना भरला. त्या दिवशीचं अक्षर तर इतकं सुरेख आलं होतं, की त्यांनी ते लांब धरून एकदा पाहिलं.

व्याख्यान संपल्यावर बाई बाहेर आल्या. रिकाम्या व्हरांड्यावर त्यांची नजर एकदा या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरली.

"कसं झालं, काका?"

"एक खुर्चीसुद्धा वाजली नाही, बाई! व्हरांड्यात चिटपाखरू नव्हतं. तुम्ही आता निश्चिंत राहा."

बाई म्हणाल्या, "हो." आणि लॅपटॉप छातीशी धरून जिना उतरून गेल्या. त्यांचा चेहरा उतरला होता, हे काकांना तेव्हाही दिसलं होतं. त्यांना वाटलं, दमल्या असतील.

पुढच्या वर्षी कार्यक्रमपत्रिका आली. काकांनी सात नंबरचं पान उघडलं, वरून खाली वाचलं, खालून वर वाचलं. बाई नव्हत्या. त्यांना वाटलं, मोठा हॉल मिळाला असणार. मोठ्या हॉलचं पान काढलं, तर तिथं मागच्या वर्षीचे ते तीन नंबरवाले गृहस्थ होते. नावापुढं नवीन नेमणूक छापलेली.

दुपारच्या सुट्टीत ते कार्यालयात गेले. मॅडम डबा आवरत होत्या.

"मॅडम, त्या घड्याळाच्या बाई यंदा नाहीत?"

"नाहीत, काका. त्यांचं नाही झालं. वाईट वाटलं मला. बोलायच्या छान."

"पण का नाही झालं?"

"अहो, मागणी दिसेना ना." मॅडमनी कपाटातून एक फाइल काढली आणि चार चिठ्ठ्या टेबलावर मांडल्या. "हे तुमचंच अक्षर. चार वर्षं. आत ऐंशी, बाहेर निरंक. आत ऐंशी, बाहेर निरंक. म्हणजे जेवढ्यांना हवं होतं तेवढ्यांना खोली अगदी बरोबर पुरत होती. आणि हे तीन नंबरचं बघा. बाहेर थांबलेले साठ-सत्तर. लांब्यानं अंदाजे लिहिलंय, पण पाहुण्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं."

काकांनी शेवटच्या चिठ्ठीवर बोट ठेवलं. "मॅडम, बाहेर होते. माझ्याही दाराशी होते. मी पाठवले त्यांना."

मॅडमच्या हातातलं डब्याचं झाकण तसंच राहिलं. "पाठवले? किती?"

काकांनी तोंड उघडलं. आयुष्यभर दारातून गेलेला माणूस न् माणूस ज्यांच्या अंगठ्याखालून गेला होता, त्यांच्याकडे या प्रश्नाला आकडा नव्हता.

"अंदाजे सांगा."

"मी अंदाजे सांगत नाही," काका म्हणाले. सवयीनं म्हणाले. आणि म्हटल्यावर त्यांचं त्यांनाच कसंतरी झालं.

"आता काही करता येईल का?"

"काका, नेमणूक होऊन आठ महिने झाले. ते गृहस्थही काही वाईट काम करत नाहीत." मॅडमनी चिठ्ठ्या गोळा केल्या. "तुम्ही कशाला जिवाला लावून घेता? तुम्ही तुमचं काम चोख केलंत."

हे ऐकून काकांना जेवढा त्रास झाला, तेवढा शिव्या खाऊन झाला नसता.

घरी गेल्यावर ते बायकोशी बोलले. बायको एका शाळेत घंटा वाजवायचं काम करून दोन वर्षांपूर्वी घरी बसली होती आणि तेव्हापासून घंटा घरी वाजवत होती. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"म्हणजे अहो, तुम्ही माणसं हाकललीत आणि वर लिहून दिलंत की कोणी आलंच नव्हतं."

"हाकलली नाहीत गं. पाठवली."

"गोड बोलून हाकललीत. इस्पितळात तेच, इथं तेच. आमच्या भावाला तरी दुसरं काय केलंत? दर वेळी 'पुढच्या रविवारी निवांत या'. आता येतो का तो?"

"त्याचं इथं काय?"

"काही नाही." तिनं ताट पुढं सरकवलं. "जेवा. आणि जाऊन त्या बाईंना सांगा. पत्रबित्र नको, तोंडानं सांगा. त्या बिचाऱ्या समजत असतील, आपलं कोणाला काही नकोच होतं."

काकांचा हात ताटातच थांबला. हे त्यांच्या डोक्यात आलंच नव्हतं. नेमणूक गेली, काम गेलं, इथवर ते पोचले होते. पण मागच्या वर्षी जिना उतरताना बाई काय मनात घेऊन उतरल्या, हे त्यांना आत्ता, भात कालवताना कळलं.

दुसऱ्या दिवशी सात नंबरला त्यांनी कोणालाच पाठवलं नाही. उरलेले बाहेर उभे राहिले, कुजबुजले, दाराला खेटले. काकांनी एकेकाला टक् केलं आणि चौथ्या रकान्यात त्रेचाळीस लिहिलं. मॅडम आल्या, तो घोळका पाहून थबकल्या आणि काल काय बोलणं झालं ते आठवून काही न बोलता निघून गेल्या. लांब्या मात्र सोडणार थोडाच! "काय काका, जत्रा?" काकांनी मान हलवली. ते त्रेचाळीस जण दुसऱ्याच कोणाच्या व्याख्यानाचे होते.

रविवारी ते बाईंच्या घरी गेले. पत्ता कार्यालयातून मिळाला होता. बसमध्ये ते आकड्याचा विचार करत होते. तीनशे म्हणावं. चार वर्षांचे मिळून तीनशे सहज असतील. चारशेही असतील. जिन्यापर्यंत भरलेला व्हरांडा त्यांच्या डोळ्यांपुढं होता. तीनशे म्हटलं की बाईंचा चेहरा कसा होईल, तेही त्यांनी पाहून घेतलं. इमारतीला तीन मजले होते आणि लिफ्ट नव्हती.

बाईंनी दार उघडलं. "काका! तुम्ही? या, या. दम लागला ना? लिफ्टच्या कारखान्यात नोकरी आणि घराला जिने. सगळे हसतात मला."

खोली लहान, नीटनेटकी. आतल्या खोलीत आई झोपलेली, तिचा खोकला मधून मधून येत होता. काकांनी पाणी घेतलं, टोपी गुडघ्यावर ठेवली आणि आडवळण न घेता सांगून टाकलं. चिठ्ठी, रकाना, निरंक, सगळं. बोलताना त्यांनी एकदाही वर पाहिलं नाही.

बाईंनी पाण्याचं रिकामं भांडं उचलून बाजूला ठेवलं. मग म्हणाल्या, "मी विचारलं होतं तुम्हाला. त्या दिवशी. कसं झालं म्हणून."

"विचारलं होतंत."

"तुम्ही म्हणालात, चिटपाखरू नव्हतं."

"मला वाटलं, त्यानं तुम्हाला बरं वाटेल."

बाई एकदम हसल्या. पण त्या हसण्यात हसू नव्हतं, आणि ते लगेच संपलं. "किती होते, काका?"

तीनशे हा आकडा जिभेवर तयार होता. समोरची बाई एका आकड्यासाठी टक लावून बघत होती. काकांनी टोपी या हातातून त्या हातात घेतली.

"मोजले नाहीत, बाई."

"एकदाही?"

"एकदाही नाही."

आत आई खोकली. बाई उठून गेल्या, तिला घोटभर पाणी पाजून परत आल्या. आता या आपल्याला जा म्हणणार, असं काकांना वाटलं आणि ते उठायच्या बेतात होते. पण बाई समोर बसल्या.

"कोणी आठवतं का?"

"म्हणजे?"

"माणसं. कोण होती?"

काकांनी डोळे मिटले. पहिल्यांदा आठवला तो हात गळ्यात बांधलेला एक पोरगेला इंजिनिअर, जो प्लास्टरवर पेनानं काहीतरी हिशेब मांडून आला होता आणि म्हणाला होता, बाईंना हे दाखवायचंय. मग दोन म्हातारे, सख्खे भाऊ असावेत, वेधशाळेतले. एकाला ऐकू कमी यायचं म्हणून त्यांना पुढची जागा हवी होती. मग ती डोळ्यांत पाणी आणणारी मुलगी. मग एक बंदरावरचे साहेब, की ज्यांनी काकांना खिशातला चॉकलेटचा तुकडा देऊन लाच द्यायचा प्रयत्न केला होता. एक बाई तान्हं मूल घेऊन आली होती. "हा रडणार नाही, माझी हमी," म्हणाली होती. काकांनी तिलासुद्धा चार नंबरला पाठवलं होतं.

"प्लास्टरवाला," बाई म्हणाल्या. "तो मला कळवायचा, कुठं काय बिघडलं ते. पहिली दोन वर्षं. मग थांबला. मला वाटलं, त्यानं दुसरं काहीतरी घेतलं वापरायला."

"तो दोनदा आला होता, बाई. दोन्ही वर्षं मीच त्याला..."

"पुढं सांगा."

काका सांगत राहिले. आठवायचं, थांबायचं, पुन्हा आठवायचं. इस्पितळातल्या एका नर्सबाई. टाय उलटा बांधलेला एक माणूस. चार जण एकाच कारखान्याचे, एकाच रंगाच्या शर्टातले. बाई मधे बोलत नव्हत्या. एकेका माणसाशी त्या जरा थांबायच्या, जणू तो दारातून आत येऊन बसेपर्यंत वाट बघायच्या, आणि मग मान हलवायच्या.

सतरा झाले. त्यापुढं काकांना कोणी आठवेना. तो भरलेला व्हरांडा समोर दिसत होता, पण त्यातले बाकीचे सगळे पाठमोरे होते, चार नंबरच्या दिशेनं निघालेले.

"सतरा," काका म्हणाले. "बाकीचे नाही आठवत."

"सतरा पुष्कळ झाले, काका," बाई म्हणाल्या.

त्यांनी ते काकांसाठी म्हटलं होतं. अशाच सुरात काकांनी बावीस वर्षं आणि त्यावर चार वर्षं कितीतरी लोकांना वाटेला लावलं होतं, त्यामुळं तो सूर त्यांना ओळखू आला. ते उठले, टोपी घातली, आतल्या खोलीकडे बघून हात जोडले आणि जिना उतरायला लागले.